निदण केव्हा काढावे?



सामान्य काळातील सोळाव्या रविवारी आपण गहू आणि निदणाचा दाखला ऐकतो (मत्तय 13:24-43). विश्रांतवाडीत आपल्याभोवती इमारती असल्या, तरी आपल्यापैकी पुष्कळांची मुळे श्रीरामपूर, राहाता, संगमनेरच्या शिवारात आहेत. याच दिवसांत तिकडे सोयाबीनची खुरपणी चालू असते.

खुरपणी केव्हा परवडते हे शेतकरी जाणतो. सोयाबीनचे पहिले चार ते सहा आठवडे महत्त्वाचे. तेव्हा तण काढले तर मजुरी वसूल होते. पुढे पिकाची सावली जमीन झाकते आणि नवे तण दबून राहते. उशिरा खुरपे घातले तर मजुरी वाया जाते आणि पिकाची मुळेही दुखावतात.

दाखल्यातील दासांना निदण दिसले ते गव्हाला ओंब्या आल्यावर. कोवळेपणी ते गव्हासारखेच दिसते आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. तो आळशी नाही. निदणापायी आपला गहू उपटला जाऊ नये, एवढाच त्याचा हिशेब आहे.

हा हिशेब आम्हीच एकदा चुकलो. एका तरुणाला दारूवरून चारचौघांत फार बोललो. तो यायचा थांबला. पुढे त्याची आईही मिस्साला दिसेनाशी झाली. एक निदण उपटायला गेलो आणि गव्हाचे रोप हाती आले.

मग वाईटाकडे डोळेझाक करायची का? मुळीच नाही. घरात कोणाला मारहाण होत असेल, तर गप्प बसणे म्हणजे धीर नव्हे. आणि आपल्या स्वतःच्या अंतःकरणातील तणाला तर एक दिवसही सवड देऊ नये. रस्त्याकडेचे गाजर गवत पाहा. 1950च्या दशकात ते आपल्या पुण्यात लोकांच्या नजरेस आले आणि काही दशकांत देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. फुलोऱ्याआधी उपटले तर थोडक्यात भागते. बी सांडले की वर्षानुवर्षे खुरपत बसावे लागते. भावाशी धरलेला अबोला, जिभेचा कडवटपणा, रोजचा एक पेला यांचेही तसेच आहे.

आपण मात्र उलटे करतो. शेजाऱ्याचे तण उपटायला घाई करतो आणि आपले फुलू देतो.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपले एक कोवळे तण उपटू या आणि ज्याच्यावर फुली मारली आहे अशा एकाला भेटू या. आम्ही त्या माउलीच्या घरी जाणार आहोत, क्षमा मागायला. आमच्यासाठी प्रार्थना करा.

पिकाचा धनी आपणा सर्वांना धीर आणि सद्बुद्धी देवो. आमेन.