हट्ट, व्यसन की पाप?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक आई मला भेटायला थांबली. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. रात्रभर संगणकावर खेळतो, सकाळी उठत नाही, दोन विषय राहिले आहेत, जेवणाचे ताटसुद्धा खोलीत न्यावे लागते. ती म्हणाली, "फादर, हा हट्ट आहे, व्यसन आहे की पाप? त्याला रागावू, डॉक्टरकडे नेऊ, की तुमच्याकडे पापनिवेदनाला पाठवू?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पण इतका नेमका प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता. मी घाईने म्हणालो, "संगणक काढून टाका." त्यांनी काढला. मुलगा मित्राच्या घरी जाऊन खेळू लागला. तेव्हा मला कळले की मी प्रश्न समजून न घेताच उत्तर दिले होते.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. याला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एखादे पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी जादूगार. त्याच जगात त्याच वेळी हजारो माणसे खेळत असतात. कॅरमचा डाव संपतो, क्रिकेटचा सामना संपतो; हा खेळ संपत नाही. आपण झोपलो तरी ते जग चालूच राहते. १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' नावाचा असा खेळ आला, तेव्हा खेळणाऱ्यांनीच त्याला थट्टेने 'एव्हरक्रॅक' म्हटले. क्रॅक हा कोकेनचा एक प्रकार आहे. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे वर्गणीदार २०१० पर्यंत १ कोटी २० लाखांवर गेले होते.

यात ओढ कशाची? एक कारण बक्षिसाचे. शत्रू मारला की कधी काहीच मिळत नाही, कधी दुर्मीळ तलवार मिळते. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. किती वेळा चोच मारल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले, की कबुतर चिकाटीने चोच मारतच राहते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण याला व्यसन म्हणावे का? काही जण म्हणतात, दारू शरीरात जाते, खेळ जात नाही. आणि एखाद्याने दिवसभर वाचन केले तर त्याला आपण व्यसनी म्हणतो का? हा आक्षेप मोलाचा आहे. नुसते तास मोजून व्यसन ठरत नाही. लग्नात पेला घेणारा प्रत्येक जण दारुडा नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ला स्थान मिळाले. ती यादी २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहतो. हे साधारणपणे १२ महिने दिसले पाहिजे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार होतो, असेही संघटना सांगते. म्हणजे प्रत्येक खेळणाऱ्या मुलावर शिक्का मारू नये. पण व्यसन लागू शकते, हे नाकारूही नये.

मग आजार म्हटल्यावर दोष संपला का? दक्षिण कोरियातील सुवॉन शहरात २००९ साली एका जोडप्याचे तीन महिन्यांचे बाळ उपासमारीने मेले. आईवडील रात्र रात्र इंटरनेट कॅफेत असत आणि खेळातल्या एका आभासी मुलीला वाढवत असत. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली व शिक्षाही झाली. वाचताना अंगावर काटा येतो. ते केवळ आजारी होते असे म्हणवत नाही, आणि पूर्ण शुद्धीत होते असेही म्हणवत नाही.

संत आगस्टीन यांनी स्वतःच्या जीवनात हेच ओळखले होते. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेतून सवय आणि सवयीला विरोध केला नाही की तिची सक्ती होते, असे त्यांनी पाहिले. साखळीची प्रत्येक कडी माणूस स्वतः घडवतो, पण पूर्ण साखळी त्याला एकट्याने तोडता येत नाही. म्हणूनच सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे चर्चची शिकवणही सांगते. स्वातंत्र्य हे आपल्या विहिरीच्या पाण्यासारखे आहे. उन्हाळ्यात ते तळाला जाते, तरी बहुधा एक बादली निघते. व्यसनी माणसाने त्या एका बादलीत सगळे शेत भिजवावे, ही अपेक्षा चुकीची. पण "मला मदत करा" एवढे म्हणण्यापुरते पाणी तिच्यात असते.

मी त्या मुलाला पुन्हा भेटलो. या वेळी उपदेश केला नाही. "मला तुझा खेळ दाखव" म्हणालो. त्याचे पात्र लढणारे नव्हते, जखमी साथीदारांना बरे करणारे होते. रात्री दहाला वीसेक जण त्याच्यासाठी थांबत. तो आला नाही तर मोहीम सुरू होत नसे. तो म्हणाला, "फादर, तिथे माझी वाट पाहतात."

मला त्या ताटाची आठवण झाली. घरात त्याचे ताट खोलीत जात होते. जेवायला त्याची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

पुढे चमत्कार घडला नाही. तो समुपदेशकाकडे जाऊ लागला. आपल्या देशात यावर उपचार आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा रुग्णांसाठी खास विभाग आहे. संगणक बाहेरच्या खोलीत आला. वडील कामावरून आल्यावर दोघे एकत्र जेवू लागले. दोनदा त्याचा निश्चय मोडला. आता एक विषय सुटला आहे, एक राहिला आहे. खेळ पूर्ण सुटलेला नाही.

त्या आईला आज मी असे सांगेन: बाई, सुरुवातीला थोडा हट्ट असेल, पुढे ते व्यसन झाले. पापाचा हिशेब तुम्ही मांडू नका, तो परमेश्वरावर सोपवा. मुलाला डॉक्टरकडे न्या, आणि तो येईपर्यंत घरात कोणीही पहिला घास घेऊ नका.

तुमचा,
फादर