होडी दुरुस्त करावी, पण किती?

जुनी वस्तू दुरुस्त करताना तिच्यात किती बदल केला म्हणजे ती पूर्वीची वस्तू राहत नाही? ग्रीकांनी हा प्रश्न थेसियसच्या जहाजावरून विचारला होता. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच म्हणावे की दुसरे? प्रश्न पंडितांचा वाटतो, पण आपल्या समाजाला तो फार जवळचा आहे.

ओमान देशातली दोन उदाहरणे घेऊ. सूर हे तिथले जहाजबांधणीचे जुने बंदर. तिथे बांधलेले ‘फतह अल्-खैर’ नावाचे मोठे लाकडी गलबत येमेनमध्ये विकले गेले होते. १९९३ साली सूरच्या लोकांनी वर्गणी काढून ते परत विकत आणले, दुरुस्त केले आणि किनाऱ्यावर जतन केले. ते आता समुद्रात जात नाही. लोक ते पाहायला येतात.

दुसरे उदाहरण लहान आहे. १९७० नंतर ओमानच्या मच्छीमारांत इंजिन लावलेल्या फायबरच्या व ॲल्युमिनियमच्या होड्या आल्या. ॲल्युमिनियमची होडी जुनी झाली की रिव्हेट सैल होतात, खाऱ्या पाण्याने पत्र्याला बारीक खड्डे पडतात, इंजिन बसवायची मागची लाकडी फळी कुजते. गळती शोधायला होडी कोरड्यात ठेवून आत पाणी भरतात. बाहेर थेंब दिसला की तिथे खूण करायची. मग रिव्हेट पुन्हा ठोकायचे, पत्र्याचे ठिगळ लावायचे, फळी नवी घालायची. मालक आपल्या सोयीसाठी आत सपाट तळ करतो, बर्फाची पेटी बसवतो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. वजन वरच्या बाजूला वाढले तर होडी कलंडते. आणि मजबूत म्हणून पितळेचा बोल्ट घातला, तर खाऱ्या पाण्यात तो स्वतः शाबूत राहतो, पण भोवतालचे ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. ठिगळ नुसते मजबूत असून भागत नाही, ते मूळ वस्तूला मानवले पाहिजे.

आता आपले धर्मगुरू काय म्हणतात ते पाहू. मिश्नेत एका अशुद्ध झालेल्या चपलेची गोष्ट आहे. तिचा एक पट्टा तुटला व दुरुस्त केला, तरी ती चप्पल तीच, म्हणून तिची ती अशुद्धता कायम. पुढे दुसराही पट्टा तुटला व दुरुस्त केला, तर ती अशुद्धता गेली. का? तलमूद सांगते, इथे ‘नवे तोंड’ आले. तळ जुनाच आहे, पण पायाला धरून ठेवणारे दोन्ही पट्टे नवे झाले. म्हणजे किती भाग बदलले हे मोजून चालत नाही. धरून ठेवणारे भाग कोणते, हे आधी ओळखावे लागते.

आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. पुढे पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली गेली, पेहराव बदलला, तेलाचा घाणा हा धंदा झाला. पण शनिवारी घाणा बंद राहिला, मुलांची सुंता आठव्या दिवशी झाली, ‘शेमा’ ओठांवर राहिला. पट्टे तुटले नाहीत. इस्राएलमध्ये आल्यावर आपल्या यहुदीपणावर शंका घेतली गेली, तेव्हा लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली सरकारला मान्य करावे लागले की आपण सर्व बाबतीत यहुदीच आहोत.

मग मराठीचे काय? ती पट्टा की फळी? जन्मभर शिकवण्यात गेलेल्या माणसाला हे लिहिणे जड जाते, पण ती फळी आहे. हिब्रू गेली तेव्हा तिच्या जागी ती बसली, आणि मूळ लाकडाला ती मानवली. आज नातवंडांच्या तोंडी पुन्हा हिब्रू आहे, याचे दुःख करू नये. चांगली फळी मात्र कुजण्याआधी उपटून टाकू नये.

चिंता दुसरीच आहे. मलिदा घरी पोहे, नारळ, साखर, फळे घेऊन एलियाहू हन्नाबीच्या नावाने होतो, तोवर होडी पाण्यात आहे, मग त्यातली गाणी कोणत्याही भाषेत असोत. तोच मलिदा केवळ रंगमंचावर पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरला, तर आपले सूरच्या गलबतासारखे होईल. त्या गलबताचा मान मोठा आहे, पण ते कोणाला पलीकडे नेत नाही. वाचकांनी आपापल्या घरी याचा विचार करावा.