निर्दोष, तरी बंदिवान

आपण काय करीत आहो हेच ज्या मनुष्यास वेडाच्या भरात कळत नव्हते, त्याच्या हातून हत्या घडली तर त्यास अपराधी म्हणावे काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात तेच कायम आहे. परंतु असा मनुष्य निर्दोष ठरला तरी लागलीच मोकळा होत नाही. न्यायालय त्यास सुरक्षित ताब्यात ठेवविते, किंवा जामीन देऊन काळजी वाहणाऱ्या नातलगाच्या अथवा मित्राच्या स्वाधीन करिते. चोरास आपल्या शिक्षेची मुदत ठाऊक असते. ह्याच्या ताब्यास मुदत ठरलेली नसते.

गावाचे भय खोटे नाही, आणि मृताच्या घरचे दुःखही खरे आहे. म्हणून धोका टळेपर्यंत ताबा योग्यच होय. परंतु बरा झाल्यावरही, केवळ न्यावयास कोणी येत नाही म्हणून तो आत राहिला, तर त्यास कोणी कोंडले? बीडहून येरवड्याचे मनोरुग्णालय दूर आहे खरे. तरी वाचकहो, कायद्याने नातलगाच्या जोडीस ‘मित्र’ हा शब्द घातला आहे. नातलग भ्याले, तर तो मित्र आपल्या गावात कोण होईल, ह्याचा विचार आपणच करावयाचा आहे.