हलबजाची शिक्षा कोणी भोगली?

इराण-इराक युद्ध चालू असताना, १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या विमानांनी हलबजा या कुर्द गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. गाव इराकचंच, माणसंही इराकचीच. सुमारे पाच हजार माणसं मेली. इराणने परदेशी पत्रकारांना तिथे नेलं आणि रस्त्यात, उंबरठ्यावर, ट्रकच्या हौद्यात पडलेल्या बायकामुलांची छायाचित्रं जगभर छापून आली. पुराव्याची वानवा तर त्याआधीही नव्हती. मार्च १९८४ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणी सैनिकांवर मस्टर्ड आणि ताबून ही विषारी रसायनं वापरल्याचं नोंदवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेने इराकशी सतरा वर्षं तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले.

हलबजानंतर सुरक्षा परिषदेने काय केलं? ऑगस्ट १९८८ मध्ये ६२० क्रमांकाचा ठराव केला. त्यात निषेध होता, आणि पुढे कुणी असं केलं तर योग्य ती पावलं उचलण्याचा विचार करू, असा शब्द होता. १९२५ च्या जिनिव्हा कराराने या अस्त्रांच्या वापराला बंदी घातली होती, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा काय, याबद्दल तो करार गप्प होता. त्रेसष्ट वर्षांनीही जगाची मजल फारशी पुढे गेलेली नव्हती.

अमेरिकी सिनेटमध्ये मात्र काही जणांना राहवलं नाही. क्लेबॉर्न पेल यांनी इराकवर निर्बंध घालणारं विधेयक आणलं, जेसी हेल्म्स यांच्यासारख्या विरुद्ध टोकाच्या सिनेटरने त्याला साथ दिली, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये सिनेटने ते झटक्यात मंजूरही केलं. रेगन सरकारने विरोध केला. इराक हा अमेरिकी गहू-तांदळाचं मोठं गिऱ्हाईक होता, आणि तोही सरकारी हमीच्या उधारीवर. शिवाय तो इराणचा शत्रू. विधेयक प्रतिनिधीगृहात पातळ झालं आणि अधिवेशनाबरोबर संपलं. उधारी चालू राहिली.

मग २ ऑगस्ट १९९० ला इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं. चार दिवसांत, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. म्हणजे पाच हजार माणसं वायूने मारली तेव्हा निषेध, आणि तेलाची विहीर हलली तेव्हा चार दिवसांत नाकेबंदी. या हिशेबाकडे पाहिलं की रासायनिक अस्त्रांवरच्या निर्बंधांबद्दल माझं मत पक्कं होतं: एखाद्या राजवटीला गुन्ह्यानंतर घडवायची शिक्षा म्हणून ते क्वचितच उपयोगी पडतात. ते कधी लागू होतात, हे गुन्ह्यावरून ठरत नाही. त्या वेळी तो गुन्हेगार कुणाच्या किती कामाचा आहे, यावरून ठरतं.

कुवेत सोडवणाऱ्या युद्धानंतरही निर्बंध उठले नाहीत. एप्रिल १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने ते इराकची घातक अस्त्रं नष्ट करण्याशी बांधले, आणि मे २००३ पर्यंत ते चालले. बारा-तेरा वर्षं. डिसेंबर १९९६ पासून तेल विकून अन्न आणण्याची सोय झाली, पण पाणी शुद्ध करायचा क्लोरीनसुद्धा दुहेरी वापराचा माल म्हणून संशयाच्या नजरेखालीच येत होता. ही मदत योजना सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये राजीनामा देऊन गेले, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक २००० मध्ये. पाच लाख बालमृत्यूंचा जो आकडा तेव्हा जगभर फिरला, तो पुढच्या पाहण्यांत टिकला नाही, आणि तो टिकला नाही म्हणून सगळं ठीक होतं असं मानणारेही निघाले. आकडा खोटा ठरला तरी मोडलेली दवाखान्यांची व्यवस्था खरीच होती. सद्दामच्या राजवाड्यांची बांधकामं मात्र या काळात थांबली नाहीत. त्याला अखेर फाशी झाली ती ३० डिसेंबर २००६ रोजी, दुजैल गावातल्या १४८ जणांच्या हत्येसाठी. कुर्दांवरच्या अन्फाल मोहिमेचा खटला त्या वेळी अर्धवट होता. हलबजासाठी फाशीची शिक्षा झाली ती त्याचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद याला, जानेवारी २०१० मध्ये.

हलबजाची आठवण अमेरिकी कायद्यात उतरली ती १९९१ मध्ये. रासायनिक व जैविक अस्त्रांच्या नियंत्रणाचा हा कायदा यंत्रासारखा बेतलेला आहे. एखाद्या देशाने ही अस्त्रं वापरली असा निष्कर्ष सरकारने काढला की परकीय मदत, शस्त्रविक्री, सरकारी कर्ज आणि लष्करी महत्त्वाच्या मालाची निर्यात बंद. तीन महिन्यांत त्या देशाने पुन्हा तसं न करण्याची हमी दिली नाही, तपासनिसांना दार उघडलं नाही, तर दुसरी फेरी: जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जाला विरोध, बँकांच्या कर्जावर बंदी, आयात-निर्यात, विमानसेवा, राजनैतिक दर्जा, यांपैकी किमान तीन गोष्टींवर घाव. राजकारण्यांच्या मर्जीला वाव राहू नये म्हणून असं यंत्र केलं. पण त्याला एक कळ ठेवली: राष्ट्रहितासाठी सूट. रशियाच्या बाबतीत ती कळ कशी दाबली जाते ते दिसलं. ४ मार्च २०१८ ला इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत माजी रशियन गुप्तहेर सर्गेई स्क्रिपाल आणि त्यांच्या मुलीवर नोविचोक या विषाचा प्रयोग झाला. ते दोघे वाचले. टाकून दिलेल्या अत्तराच्या बाटलीतून तेच विष अंगाला लागल्याने, या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेली एक स्थानिक बाई जुलैत मेली. वीसहून अधिक देशांनी मिळून दीडशेच्या आसपास रशियन अधिकारी परत पाठवले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने निर्बंध लावले, आणि त्याच कागदात अंतराळ सहकार्य व प्रवासी विमानांची सुरक्षा यांना सूट दिली. दुसरी फेरी तीन महिन्यांनी यायची ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, रशियातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी विमानात कोसळले. पुन्हा नोविचोकच.

सीरियाची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि मला वाटतं अधिक शिकवणारीही. दमास्कसची जी सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्था रासायनिक अस्त्रं बनवत होती, तिच्यावर अमेरिकेने २००५ मध्येच निर्बंध लावले होते. म्हणजे २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसलगतच्या घूतावर सारिन या विषारी रसायनाची रॉकेटं पडली तेव्हा ती संस्था आठ वर्षं काळ्या यादीत होती. अशा अस्त्रांच्या वापराविरुद्ध ओबामांनी आदल्या वर्षी लाल रेषा आखलेली होती. ब्रिटिश संसदेने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २७२ विरुद्ध २८५ मतांनी फेटाळला, ओबामा काँग्रेसकडे वळले, आणि तेवढ्यात रशियाने तोडगा पुढे केला. त्यातून २७ सप्टेंबरचा २११८ क्रमांकाचा ठराव आला. सीरिया रासायनिक अस्त्रबंदी करारात सामील झाला, सुमारे १,३०० टन रसायनं जाहीर केली, आणि जून २०१४ पर्यंत ती देशाबाहेर नेली गेली. त्यातली सर्वांत घातक केप रे या अमेरिकी जहाजावर भूमध्य समुद्रात निकामी केली. हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला २०१३ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं.

हे यश खोटं नव्हतं. १,३०० टन विष कमी झालं, आणि ते निर्बंधांनी नव्हे, तर कारवाईच्या धाकाने आणि रशियाच्या सोयीने. पण सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असादने सगळं जाहीर केलेलं नव्हतं. ४ एप्रिल २०१७ ला सीरियातल्या खान शेखूनवर पुन्हा सारिन पडलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. ठरावात लिहिलं होतं की करार मोडला तर सक्तीची पावलं उचलली जातील. ती उचलायची वेळ त्या फेब्रुवारीतच आली होती: क्लोरीनच्या हल्ल्यांसाठी सीरियाच्या काही व्यक्ती-संस्थांवर निर्बंध घालण्याच्या मसुद्यावर रशिया आणि चीन दोघांनी नकाराधिकार वापरला. नोव्हेंबरात तर हल्ला कुणी केला हे शोधणाऱ्या तपास यंत्रणेचीच मुदत रशियाने वाढू दिली नाही. आरोपीच्या मित्राने पोलीस ठाण्याला कुलूप लावावं, तसं.

खान शेखूननंतर अमेरिकेने त्याच संशोधन संस्थेच्या २७१ कर्मचाऱ्यांची नावं एका दिवसात निर्बंधांच्या यादीत घातली. तेव्हा अनेकांनी याची टर उडवली. दमास्कसच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाचं न्यूयॉर्कला कुठे खातं असतं? आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा. २०१८ मध्ये युरोपीय संघानेही खास रासायनिक अस्त्रांसाठी वेगळी निर्बंध-चौकट केली, तीही व्यक्ती आणि संस्थांच्या नावांवर चालणारी. डिसेंबर २०२४ मध्ये असाद मॉस्कोला पळाला. २०२५ मध्ये अमेरिकेने आणि युरोपने सीरियावरचे बहुतेक आर्थिक निर्बंध उठवले, कारण उपाशी देशाला नव्या सरकारबरोबर पुन्हा उभं राहायचं होतं. पण असाद, त्याचे साथीदार आणि रासायनिक अस्त्रांशी जोडलेली नावं यांच्यावरचे निर्बंध ठेवले. राष्ट्रावरचा निर्बंध राजकारण बदललं की उठतो, आणि उठावाही. माणसाच्या नावावरचा टिकतो. उद्या त्यातला कुणी युरोपात आसरा मागायला आला, तर ती यादी फिर्यादीची पहिली पायरी होऊ शकते.

याहून जास्त दात असलेली गोष्ट निराळीच आहे. फ्रान्स फान आन्राट हा डच व्यापारी. ऐंशीच्या दशकात त्याने हजार टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल सद्दामला पुरवलं. हे रसायन शाई आणि कापडाच्या रंगांत वापरतात, आणि मस्टर्ड वायूतही. हेगच्या न्यायालयाने २००५ मध्ये त्याला युद्धगुन्ह्यांत सहभागी ठरवून पंधरा वर्षं दिली. अपिलात ती सतरा झाली आणि पुढे डच सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांनी कमी केली. २०१९ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने काही बेल्जियन कंपन्यांना दोषी ठरवलं, कारण त्यांनी २०१४ ते २०१६ दरम्यान आयसोप्रोपेनॉल विनापरवाना सीरियाला पाठवलं. कोविडच्या काळात आपण तळहातावर चोळलेल्या सॅनिटायझरमध्ये अनेकदा हेच असायचं. शुद्ध स्वरूपात ते सारिनच्या कामी येतं, म्हणून परवान्याची अट. निर्बंध इथे चावतात, गोदीवर आणि बिलावर. पंतप्रधानांच्या निषेधाच्या भाषणाने कुठलंही पिंप थांबत नाही. जकातीच्या कारकुनाने कागद परत केला तर थांबतो.

आपला संबंध इथे येतो, आणि तो सुखावणारा नाही. इराकने रसायनं कुठून आणली त्याच्या हिशेबात सिंगापूर, नेदरलँड्स, इजिप्त, पश्चिम जर्मनी यांच्याबरोबर भारताचंही नाव आहे, आणि भारतातून गेलेला माल सव्वादोन हजार टनांहून जास्त आहे. तेव्हा तसं नियंत्रणच नव्हतं, हा बचाव बराचसा खरा आहे. नंतर भारताने स्वतःचा १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये नष्ट करून संपवला, २००० मध्ये कायदा केला, दुहेरी वापराच्या मालाची स्कोमेट यादी केली, २०१८ मध्ये अशा मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या ऑस्ट्रेलिया गटात प्रवेश मिळवला. तळोजा, लोटे, पाताळगंगा इथल्या कारखान्यांपैकी जे या याद्यांतली रसायनं बनवतात, त्यांना दिल्लीला माहिती भरून द्यावी लागते.

भारत एकतर्फी निर्बंध मानत नाही, फक्त संयुक्त राष्ट्रांचे मानतो. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर स्वतः चटके खाल्लेल्या देशाची ही भूमिका मला पटते. इराणमध्ये तर तिचा सर्वांत बोचरा पुरावा आहे. जून १९८७ मध्ये इराकने इराणच्या सरदश्त गावावर मस्टर्ड टाकलं. त्यात आणि आघाडीवर भाजलेली फुप्फुसं घेऊन हजारो इराणी आजही जगताहेत. औषधांना इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांतून सूट आहे, कागदावर. बँका मात्र इराणचा पैसा हातात घ्यायला तयार नसतात. म्हणजे वायू ज्यांच्यावर पडला, त्यांनाच पुढे निर्बंधांनीही गाठलं.

एकतर्फी निर्बंधांचं अलीकडचं उदाहरण सुदानचं. २७ जून २०२५ पासून त्याच्यावर १९९१ च्या त्या अमेरिकी कायद्याने निर्बंध लागू झाले. सुदानच्या सरकारने २०२४ मध्ये रासायनिक अस्त्रं वापरली, हा निष्कर्ष. निर्बंध लावताना अमेरिकेने पुरावे लोकांसमोर ठेवले नाहीत. हा निकाल हेगच्या संघटनेच्या तपासातून यायला हवा होता, त्याशिवाय खार्तूममधल्या सेनापतींना तो केवळ परकीय कुरापत म्हणून झटकता येतो.

म्हणून भारताने एकतर्फी निर्बंधांपासून दूर राहावं, पण पिंपाच्या बाबतीत दूर राहू नये. विदेश व्यापार महासंचालनालयाने दर वर्षी जाहीर करावं: किती रसायन-निर्यात परवाने मागितले गेले, कुठल्या देशांसाठी नाकारले, आणि नियम मोडणाऱ्या किती कंपन्यांवर खटले भरले. आपल्या रसायनपट्ट्यातल्या उद्योजक संघटनांनीच ही मागणी पहिल्यांदा करावी.