समुद्रातलं कासव अवयव आवरत नाही



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ५८ वा. कासव जसं सगळीकडून आपले अवयव आत घेतं, तसा जो विषयांपासून इंद्रियं आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर झाली, असा त्याचा भाव. देवळात सभामंडपात जमिनीवर कासव असतं ना, ज्याला हात लावून आपण पुढे जातो, ते बघितलं की मला नेहमी हाच श्लोक आठवतो. तो मला कळलाय असंही वाटायचं. गेल्या महिन्यात एका खऱ्याखुऱ्या कासवाने तो गैरसमज काढला.

वर्षभरापूर्वी बाबा गेले. त्यानंतर मी सकाळी दार लावून तासभर जपाला बसायला लागलो. तासाचे दोन तास झाले, मग संध्याकाळीही. मित्रांचे ग्रुप म्यूट. जेवताना बोलणं बंद. पाच वर्षांची लेक दारावर टकटक करायची, मी ओ द्यायचो नाही. मनात म्हणायचो, ही कूर्मवृत्ती. बायको एकदा म्हणाली, "तू गप्प असतोस, पण शांत नसतोस." मला रागच आला. (तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.)

सुट्टी तिनेच ठरवली, बालीची. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर आमेड आहे, आणि तिथे जेमेलुकचा छोटासा उपसागर. किनारा आत वळलेला, त्यामुळे पाणी बरेचदा तळ्यासारखं. वाळू काळी, ज्वालामुखीची. मागे आगुंग पर्वत, काठावर दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या जुकुंग होड्या. चार हात मारले की खाली प्रवाळ सुरू होतं. इथे लोक फ्रीडायव्हिंग शिकायला येतात, म्हणजे सिलिंडर न घेता एका श्वासावर खाली जायचं. मी नाव घातलं. श्वास रोखायचा म्हणजे प्राणायामच की, आपल्याला जमणार!

पहिल्याच दिवशी हुशारी केली. डुबकीआधी गुपचूप भराभर खोल श्वास घेतले. शिकवणाऱ्या ब्लीने (बालीत दादाला ब्ली म्हणतात) ते पाहिलं आणि मला पाण्याबाहेरच काढलं. नंतर शांतपणे समजावलं. श्वासासाठी जी तडफड होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. भराभर श्वास घेऊन तो आधीच बाहेर काढला, की तडफड उशिरा सुरू होते. ऑक्सिजन मात्र त्याच्या वेळेला संपतोच. माणसाला काही जाणवत नाही आणि तो बेशुद्ध होतो, बऱ्याचदा वर येताना, अगदी पृष्ठभागाजवळ. म्हणून एकट्याने कधीच उतरायचं नाही, जोडीदार हवाच. आमच्या धंद्यात सांगायचं तर अलर्ट बंद केले, सर्व्हर तापतोच आहे. त्या रात्री झोप लागली नाही. बाबांच्या जाण्यानंतर मी एकदाही रडलो नव्हतो, आणि त्याला स्थैर्य म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने फक्त तरंगायला लावलं. चेहरा पाण्यात, श्वास थांबलेला, हातपाय सैल. अशा वेळी शरीर आपणहून काय करतं ते ऐका: हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त हृदय-मेंदूकडे वळतं. आपण आज्ञा देत नाही. आपण ताठरलो की उलट ते बिघडतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र हातपाय पसरलेलेच दिसतात.

तिसऱ्या दिवशी, सात-आठ मीटरवर, ते भेटलं. हॉक्सबिल, पोपटासारखी चोच असलेलं. खडकावरचा स्पंज तोडून खात होतं. माझी सावली पडली तेव्हा मला वाटलं, आता मान आत घेईल. श्लोकच तसा आहे! त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागलं. वर आल्यावर ब्ली हसला. म्हणाला, समुद्री कासवाला मान किंवा पाय कवचात घेताच येत नाहीत. पोहण्यासाठी कवच चपटं झालेलं, आत जागाच नाही. गीतेतलं कासव मग तळ्यातलं किंवा जमिनीवरचं असणार. पण डुबकी मारताना या समुद्री कासवाचंही हृदय मंदावतं. आवरणं आहेच, फक्त ते आतलं आहे.

परतताना ब्लीने गावातलं एक पद्मासन दाखवलं, म्हणजे तिथलं उंच दगडी देवासन. त्याच्या पायथ्याशीही कासव कोरलेलं, बेदावांग नाला, जग पाठीवर घेतलेलं. पुढ्यात ताडपानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती. मी नकळत हात लावायला वाकलो.

हॉटेलवर येऊन फोनमध्ये ज्ञानेश्वरी उघडली. हीच ओवी कितीदा वाचली असेन, पण माउली काय म्हणतात ते आता दिसलं. कासव प्रसन्न असलं की अवयव पसरतं, आणि इच्छा झाली की आवरून घेतं. पसरणं आधी येतं, मंडळी! आणि गीतेतही पुढे सहाच श्लोकांनंतर, ६४ व्यात, रागद्वेष सोडून विषयांमध्ये वावरणाऱ्यालाच प्रसाद मिळतो असं आहे. मी फक्त आवरत होतो. पसरायचं विसरलो होतो, की घाबरत होतो, ते अजून नीट सांगता येत नाही.

जप चालू आहे, सकाळचा एकच तास. परवा दार उघडं ठेवून बसलो. लेक आली, मांडीवर बसली, माळेतले मणी मोजायला लागली आणि सतराच्या पुढे चुकली. मग विचारलं, "आजोबा पण असेच मोजायचे?" मी हो म्हणालो, आणि मला रडू आलं. तिने माळ माझ्या हातात परत दिली आणि पहिल्यापासून मोजायला सांगितलं.