चौकातली देवी आणि चित्रकलेची वही

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळा होऊन जो पालघर जिल्हा झाला, त्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर लग्नघराची भिंत शेणामातीने सारवून, तिच्यावर गेरू देऊन, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची ठेचलेली काडी बुडवून सुवासिनी लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव असतो, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि या सर्वांच्या साक्षीवाचून विवाहविधी पुरा झाला असे मानण्याचा तेथे शिरस्ता नाही. अशा उपासनेतून जन्मास आलेली रूपे, वर एक वर्तुळ व खाली टोकास टोक लागलेले दोन त्रिकोण एवढ्या सूत्रात बसवून, शहरातील मुलांच्या वहीत उतरवणे योग्य आहे काय?

आपल्या धर्मशास्त्राची सनद मागितली तर उत्तर सोपे आहे. पार्थिव गणपती प्राणप्रतिष्ठेपूर्वी माती असतो आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा मातीच होतो. म्हणजे रूप वेगळे आणि त्यात आवाहन केलेले दैवत वेगळे. परंतु एका समाजाच्या पोथीने दुसऱ्या समाजाच्या देवीचा निवाडा करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा खुद्द वारल्यांमधला दाखला अधिक मोलाचा आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, स्त्रियांच्या हाती असलेली ही रेषा पुरुष असून उचलली, लग्नाचे निमित्त नसताना चालवली आणि १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ती कागदावर आणली. मासेमारीचे जाळे हा त्यांचा आवडता विषय काही कोणत्या विधीचा भाग नव्हता. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. रूपाला विधीबाहेर श्वास घेता येतो, याचा निर्णय असा वारल्यांच्याच हाताने झालेला आहे.

तेव्हा शिकवावे, पण काय शिकवावे? सूत्र पाठ केलेल्या मुलाची माणसे बहुधा कवायतीच्या हुकुमाची वाट पाहणाऱ्या शिपायांसारखी ताठ उभी राहतात, कारण दोन त्रिकोणांचा तोल ज्या एका बिंदूवर सांभाळलेला असतो तेथूनच वरचा त्रिकोण कलतो, आणि तो कलला म्हणजे माणूस वाकतो, पेरतो, नाचतो, हे त्यास कोणी दाखवलेले नसते. शिवाय मुलाला नाकडोळे काढण्याची अनिवार ओढ असते. पण वारली चित्रात तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती एकमेकांस धरून फिरणाऱ्या नाचणाऱ्यांच्या नागमोडी रांगेत चेहरा कोणालाच नाही. कोण सावकाराचे देणेकरी, कोण नवरीची बहीण, हे कळण्याची सोय नाही. माणूस तेथे शेजाऱ्याच्या धरलेल्या हातावरून माणूस ठरतो. (येथे अद्वैताचे पुस्तक उघडण्याचा मोह मी आवरतो, कारण वारल्यांना त्याची गरज भासलेली नाही.) ‘मी’ काढण्यास उत्सुक असलेल्या मुलास ही मुखहीन रांग पूर्ण करायला लावणे हेच, माझ्या मते, या कलेतील खरे धर्मशिक्षण होय, आणि त्यासाठी देवीचे नाव घेण्याचेही कारण नाही.

देवीविषयी मात्र मी कर्मठ आहे. झाडे, पाखरे, शेतकाम, नाच मुलांनी मनसोक्त काढावा; पालघट देवीचा चौक कोण लिहिते, केव्हा आणि कशासाठी, हे त्यांना सांगावे, पण तो काढून रंगवण्याची तजवीज परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत करू नये. जी वस्तू लग्नघरी मागून घ्यावी लागते तिला दहापैकी सात गुण देणे हा नुसता असभ्यपणा आहे.

आणि पालघर जिल्ह्यातल्या ज्या शाळांत वारल्यांची मुले बसतात, तेथे एखाद्या मुलाचा त्रिकोण पट्टीने आखलेला नाही म्हणून त्याचे गुण कापण्याचा अधिकार चित्रकलेच्या मास्तरांना कोणत्या परिपत्रकाने दिला आहे, हे शिक्षणखात्याने एकदा दप्तर तपासून कळवावे.