शेवटची रांग

नवशिक्याची जागा शेवटच्या रांगेत. समोर नुसत्या पाठी. त्या बघत बघतच शिकायचं.

जालन्यात चाळिशी ओलांडलेला माणूस कराटेच्या वर्गात पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याच्या पुढे सहावीतली मुलगी असते. तिचा बेल्ट हिरवा, याचा पांढरा. ती मागे वळून सांगते, "काका, टाच उचलू नका." काका टाच टेकवतात. वडीलधाऱ्याने लेकराचं निमूट ऐकावं अशा जागा आपल्याकडे फार थोड्या. त्यातली ही एक, म्हणून मला ती मोलाची वाटते.

पहिले काही दिवस उभं राहण्यातच जातात. पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ ठेवायचा, दोन्ही तळवे जमिनीला चिकटवायचे. मांड्या थरथरायला लागतात. इतकी वर्षं आपण कशाला तरी टेकून उभे होतो, हे मांड्यांना आधी कळतं.

मग ठोसा. नवशिक्याची नजर पुढे जाणाऱ्या मुठीवर. सर मात्र दुसऱ्या हाताला धरतात, जो त्याच वेगाने कमरेशी परत यायला हवा. ताक घुसळताना दोराचं एक टोक ओढलं की दुसरं पुढे जातं आणि मधली रवी फिरते, तसं. रवी म्हणजे इथे कंबर. जोर तिच्यात. परतणारा हात आळसावला की पुढचा ठोसा पोकळ पडतो. देहाला हे पटायला महिने लागतात; डोक्याला एका मिनिटात पटतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी जपानमधल्या ओकिनावातले शाळामास्तर. लहानपणी अशक्त होते. त्यांचे गुरू असातो त्यांच्याकडून एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, रात्रीमागून रात्री करून घेत. ती नीट बसेपर्यंत पुढची नाही. १९२२ साली याच मास्तरांनी टोकियोत कराटेची प्रात्यक्षिकं दाखवली, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळेल, असं विचारणाऱ्या पालकांना मी त्या रात्रींची गोष्ट सांगतो.

बलोपासना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. बलोपासना शिकवणारे समर्थ रामदास १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मले. मारुतीचं देऊळ आणि त्याला लागून तालीम, हे चित्र गावोगावी होतं. पण त्या लाल मातीत मुलींना पाऊल ठेवता येत नसे. कराटेच्या रांगेत त्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. एवढ्यासाठीसुद्धा हा परदेशी खेळ आपला मानावा.

नव्या मुलीला सगळ्यांत अवघड जाते ती लाथ नव्हे, किआई. पोटातून ओरडायचं. घरी, शाळेत, रस्त्यावर तिने एकच ऐकलेलं असतं: हळू बोल. इथे सर म्हणतात, "ऐकू आलं नाही." ती पुन्हा ओरडू बघते. ओठ हलतात, आवाज घशातच अडकतो. बाकीची रांग थांबून असते. आणखी एकदा. मग कधीतरी तो फुटतो आणि तिची तीच दचकते. हल्लेखोर भेटण्याआधी मुलीला स्वतःचा आवाज भेटलेला बरा.

शाळांमधून मुलींना सरकारी योजनेत आत्मरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. चांगलंच आहे. पण ते तीन महिन्यांचं. आवाज फुटेपर्यंत मुदत संपलेली असते. मंठ्याला, जाफराबादला, परतूरला शाळेचं पटांगण संध्याकाळी रिकामंच पडलेलं असतं. तिथे एक दिवा लावावा, गेट उघडं ठेवावं, आणि शिकवणाऱ्याला वेळेवर मानधन द्यावं. आठवड्यातून तीन संध्याकाळी पुरतात.